ओळख करून देणारे भिकानाना

ओळख करून दिल्याशिवाय भिकानाना कोणाला चहाचा कप ओठाला लावू देत नाहीत. गाव, आडनाव, मामाचं गाव, बहिणी कुठे दिल्या, सगळं आलं पाहिजे. जळगावातल्या आमच्या गल्लीत गॅसवाला नवा आला, तरी "कोना पोऱ्या शे तू?" यातून सुटत नाही. एकदा रस्त्यात त्यांनी माझ्याच साहेबांची माझ्याशी ओळख करून दिली, मामाच्या गावासकट. मी त्यांच्याच हाताखाली कारकुनी करतो, हे सांगायला मला फटच मिळाली नाही.

परवा सकाळी नाना पेन ड्राइव्ह घेऊन आले. टीव्हीला लागत नव्हता. मी कॉम्प्युटरला लावला, तर मेसेज आला.

"काय म्हनस तो?"

"ओळखत नाही म्हणतोय."

नाना खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले. "वयखत नही? आरे, हाऊ आपला पारोळाना शे! मना भाचानी धाडेल शे."

मी हसलो. नाना हसले नाहीत.

"दख ना भाऊ," ते हळूच म्हणाले. "तुन्ही काकू कालथून जेवनी नही."

काकूंना हल्ली माणसं ओळखू येत नाहीत, हे गल्लीला ठाऊक होतं. पण पेन ड्राइव्हमध्ये दोघांच्या लग्नाची जुनी कॅसेट उतरवलेली आहे, आणि ती टीव्हीवर चालू असली तरच काकू घास घेतात, हे नानांनी तोवर कोणाला सांगितलं नव्हतं. साऱ्या गल्लीची सोयरीक तोंडपाठ असलेला माणूस स्वतःच्या घराबद्दल इतका गप्प!

पोर्ट बदलून पाहिलं, खोडरबरानं पट्ट्या घासल्या. शेवटी कळलं, पेन ड्राइव्हचं तोंड सैल झालंय. जरा वर उचलून धरलं की लागतो. नानांनी तो दोन बोटांत धरला. मी सगळं माझ्या पेन ड्राइव्हमध्ये उतरवून घेईपर्यंत त्यांनी बोटं हलू दिली नाहीत.

मग त्यांच्या घरी जाऊन टीव्ही लावला. फेटा बांधलेला, कोरीव मिशांचा नवरदेव दिसताच काकूंचा चेहरा खुलला. नानांनी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा घास पुढे केला, तो त्यांनी खाल्ला. मग पदर सावरत, टीव्हीकडे बोट करून नानांना म्हणाल्या, "हाऊ मना नवरा शे. तुम्ही कोन?"

नानांनी दुसरा घास मोडला.

"मी बी व्हतू त्याना लगीनमा," ते म्हणाले. "ले, घास ले."