मशीन सोडून जाऊ नये

सुनेचं मशीन सकाळी लॅब उघडल्यापासून चालू होतं, आणि काम संपेपर्यंत कोणीतरी त्याच्यासमोर बसून राहायला हवं होतं. एवढीच अडचण होती. तिनं आधी नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, ऑफिसात आज तपासणी आहे. मग सासऱ्यांना विचारलं. त्यांनी दुखरी पाठ पुढे केली. उरल्या सासूबाई.

"अगं, मला त्या कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही," सासूबाई म्हणाल्या.

"कळायचं नाहीच आहे, आई. नुसतं बसायचंय. खुर्चीवर बसायला काही कळावं लागत नाही."

हे अगदी खरं होतं. विद्यापीठात याची उदाहरणं प्रत्येक मजल्यावर, दाराला नावाची पाटी लावून बसलेली होती.

सून पीएच.डी. करत होती. धरणाच्या भिंतीला पहिला तडा कुठे जाईल, याचं लांबलचक गणित तिनं मशीनला घातलं होतं. उत्तर आज आलं आणि त्यावर आजच गाईडची सही झाली तर ठीक, नाहीतर नोंदणीची मुदत संपत होती आणि चार वर्षं पाण्यात जात होती. हेच गणित याआधी दोनदा अर्ध्यात मेलं होतं. एकदा ती पाणी प्यायला गेली म्हणून, आणि एकदा गाईडच्या गाडीतून पेपरांचे गठ्ठे उतरवायला गेली म्हणून. लॅबच्या भिंतीवर नियमच होता: सोडून गेलेले मशीन पूर्वसूचना न देता बंद करण्यात येईल. लॅबचे इनचार्ज हा नियम डास मारावा तसा पाळायचे. रिकामी खुर्ची दिसली की मागून हळूच यायचे, बटण दाबायचे आणि बोट रुमालाला पुसायचे.

आज सुनेला स्वतःला बसता येत नव्हतं, कारण खालच्या वर्गाची प्रात्यक्षिक परीक्षा होती. कागदावर परीक्षक गाईड होते. पण गाईडना काम होतं. "तू बस माझ्या जागी," ते म्हणाले होते. सही ज्याच्या हातात असते त्याला नाही म्हणता येत नाही, हे शिकायलाच तर माणसं पीएच.डी. करतात.

सासूबाई विणकामाची पिशवी घेऊन आल्या. सुनेनं त्यांना खुर्चीवर बसवलं आणि भराभर सांगितलं, "कशाला हात लावायचा नाही. स्क्रीन काळी झाली तर हा माउस थोडा हलवायचा. कोणी विचारलं तर म्हणायचं, काम चालू आहे."

"आणि चालू आहे का?"

"आहे ना. तो आकडा वाढतोय बघा."

"करताना तर कोणी दिसत नाही," सासूबाई म्हणाल्या. पण सून तोवर गेली होती.

विणकाम करता करता त्यांनी समोरच्या भिंतीवरचे नियम वाचले. सासूबाई औषधाच्या बाटलीवरचा बारीक मजकूरसुद्धा शेवटपर्यंत वाचणाऱ्या होत्या, त्यामुळे हे सोपं गेलं. खाऊ नये. पिऊ नये. मोठ्यानं बोलू नये. दुसऱ्याच्या खात्याला हात लावू नये. घरगुती प्रिंट काढू नयेत. एका व्यक्तीनं एकच मशीन वापरावं. पुन्हा वाचलं तरी त्यांचा गोंधळ काही मिटेना. काय करायचं नाही ते सगळं लिहिलं होतं. इथे येऊन करायचं काय, ते कुठेच नव्हतं.

"काकू, तुम्ही आहात ना थोडा वेळ?" शेजारच्या मशीनवरची मुलगी म्हणाली. तिचे केस पेन्सिलीत गुंडाळलेले होते. "माझ्याकडे जरा बघाल? सकाळपासून उठलेच नाहीये. चहा पिऊन येते."

"बघायचं म्हणजे काय करायचं?"

"तुम्ही करताय तेच."

ती गेली ती गेलीच. तिच्यामागून एक दाढीवाला उठला. मग आणखी दोघं. प्रत्येक जण जाताना "काकू, माझंही" म्हणून गेला. या पोरांना महिनोन्महिने कुणी पाणी प्यायलासुद्धा उठू दिलं नव्हतं. नियम करणाऱ्यांनी माणसाला भूक लागते हे गृहीतच धरलं नव्हतं. थोड्या वेळानं लॅबमध्ये सगळी मशीनं घरघरत होती आणि माणूस म्हणून एकट्या सासूबाई उरल्या होत्या.

तेवढ्यात इनचार्ज आले. एवढ्या रिकाम्या खुर्च्या एकदम पाहून त्यांना कुठून सुरुवात करावी हेच कळेना. बोट पुढे करून ते पेन्सिलवालीच्या मशीनकडे गेले.

"ते बंद नका करू. एका मुलीचं आहे. चहाला गेलीये."

"म्हणजे सोडून गेलीये."

"सोडून कशी? मला सांगून गेलीये. शेजारणीकडे मूल ठेवून बाजारात गेलं तर टाकून गेली म्हणतात का?"

इनचार्जचं बोट हवेत राहिलं. "आणि ते पलीकडचं?"

"तेही माझ्याकडेच आहे. आणि त्या रांगेतली."

"बाई, एका व्यक्तीनं एकच मशीन वापरायचं. नियम वाचलेत का?"

"वाचले की. वापरायचं लिहिलंय. मी कुठे वापरतेय? मी बसलेय."

आजवर इनचार्जना नियम वाचून आलेला माणूस भेटला नव्हता. त्यांचा आवाज जरा खाली आला. "आपण कोण?"

"मी सासू."

"कुणाची?"

"सुनेची."

"नाही, म्हणजे सूनबाई कुठे असतात?"

"इथेच, विद्यापीठात. आज परीक्षा आहे ना. सगळा भार तिच्याच डोक्यावर. ती नसली तर परीक्षा होतच नाही, असं म्हणते बाई."

इनचार्जनी बोट खिशात घातलं. परीक्षा जिच्याशिवाय होत नाही अशी विद्यापीठात एकच बाई होती. परीक्षा नियंत्रक मॅडम. नुकत्याच आल्या होत्या आणि आल्या आल्या दोघांना घरी बसवून झालं होतं. आता त्यांनी सासूला पाहणीसाठी पाठवलं, यात इनचार्जना काहीही विचित्र वाटलं नाही. वरून कोण काय पाठवील याचा विचार करायचा नाही, उभं राहायचं, या एका शिस्तीवर त्यांची नोकरी इतकी वर्षं टिकली होती.

"पंखा वाढवू का?" त्यांनी विचारलं.

"नको. लोकर उडते."

ते बाहेर गेले आणि त्यांनी नियंत्रकांच्या ऑफिसला फोन लावला. "मॅडमना सांगा, सासूबाई आमच्या लॅबमध्ये आहेत. अगदी व्यवस्थित बसल्यात. काळजी नको म्हणावं." मग रुमालानं कपाळ पुसून, आपण किती कडक आहोत हे दाखवायला ते परत आत आले.

मधल्या काळात पेन्सिलवालीची स्क्रीन काळी झाली होती, म्हणून सासूबाई तिच्या खुर्चीत जाऊन बसल्या होत्या आणि माउस हलवत होत्या. सुनेची खुर्ची रिकामी होती. इनचार्जना हवी होती तशी संधी मिळाली.

"हे बघा," ते मोठ्या आवाजात म्हणाले. "हे मशीन सोडून गेलेत. इथे आम्ही कुणाची गय करत नाही."

"अहो थांबा. ते माझं आहे."

"आपण तर या मशीनवर आहात."

"मी तिथलीच. इथे जरा आलेय."

"मग हे कुणाचं?"

"हेही माझ्याकडेच आहे, सांगितलं ना मघाशी."

"पण रिकामं दिसलं तर मला बंद करावंच लागेल. आपल्यासमोर नियम कसा मोडू?"

"मग तुम्ही बसा त्याच्यावर. रिकामं राहायचं नाही आणि नियमही मोडायचा नाही."

इनचार्जनी विचार केला. त्यात कुठेही खोट सापडेना. ते सुनेच्या खुर्चीत बसले. बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आता उठता येत नाही. उठलं की मशीन सोडून गेल्यासारखं होणार आणि ते बंद करायला त्यांनाच यावं लागणार. सासूबाई निवांत एकेका स्क्रीनपुढे जाऊन माउस हलवत फिरू लागल्या.

मग गाईड आले. खिशातून पेन ड्राइव्ह काढत सरळ प्रिंटरकडे गेले. त्यांचं काम म्हणजे हे होतं. त्यांना नवा बंगला बांधायचा होता आणि त्याचा नकाशा रंगीत हवा होता.

"सर, आज नको," इनचार्ज बसल्या जागेवरून म्हणाले.

"का? रोज तर..."

"रोज नाही," इनचार्ज सासूबाईंकडे बघत म्हणाले. "घरगुती प्रिंट इथे निघत नाहीत. कधीच निघाले नाहीत."

"अरे, परवा तुम्हीच काढून दिले की. जिना डावीकडे होता तो."

"मला आठवत नाही."

"काय झालंय काय तुम्हाला? आणि तुम्ही इथे का बसलात?"

"मला उठता येत नाही."

"बरं वाटत नाही का?"

"बरं आहे. मशीन सोडून जाता येत नाही."

गाईडनी त्यांच्याकडे जरा काळजीनं पाहिलं आणि बटण स्वतःच दाबलं. प्रिंटरमधून बंगल्याचा तळमजला हळूहळू बाहेर येऊ लागला.

स्वयंपाकघर बाहेर पडत असतानाच दार उघडलं आणि नियंत्रक मॅडम धापा टाकत आत आल्या. त्यांच्या सासूबाई दुसऱ्या गावी असायच्या आणि फोनवर दर आठवड्याला धमकी द्यायच्या, की एक दिवस येऊन तुझं ऑफिस बघते. निरोप मिळाल्यापासून मॅडमना काही सुचत नव्हतं.

"कुठे आहेत?"

इनचार्ज अर्धे उठले, आठवण झाली तसे पुन्हा बसले. "ह्या काय, मॅडम."

मॅडमनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी चष्मा वर करून मॅडमकडे पाहिलं.

"या नाहीत," मॅडम म्हणाल्या. त्यांना इतकं सुटल्यासारखं वाटलं की ते लपवायचंही त्या विसरल्या.

"मग आपण कुणाच्या?" इनचार्जनी विचारलं.

"किती वेळा सांगू? सुनेच्या."

कोणी काही बोलण्याआधी सुनेचं मशीन टुंग असं वाजलं. आकडा थांबला होता. स्क्रीनवर प्रश्न आला होता: गणित पूर्ण झाले. उत्तर साठवायचे? हो किंवा नाही.

सगळे मशीनभोवती जमले. आजारी माणसाच्या खाटेभोवती जमावेत तसे.

"हो दाबा की," गाईड म्हणाले.

"दुसऱ्याच्या खात्याला हात लावता येत नाही," इनचार्ज म्हणाले. मांडीवर घट्ट धरलेल्या हातांकडे ते असे बघत होते, जणू ते आपल्याआपणच दाबतील.

"मी दाबते," मॅडम म्हणाल्या.

"अजिबात नाही," सासूबाई म्हणाल्या. "हात लावायचा नाही असं सुनेनं सांगितलंय. चुकून 'नाही' दाबलं गेलं तर? तिची चार वर्षं आहेत ही."

मॅडमना इतक्या स्पष्टपणे नाही म्हणणारं या इमारतीत कोणी भेटलं नव्हतं. त्यांनी हात मागे घेतला. "मग सुनेला बोलवा."

"तिला कसं येता येईल? ती परीक्षा घेतेय. प्रात्यक्षिकाची. परीक्षक उठून गेला तर परीक्षा रद्द होते म्हणे."

"बरोबर. माझाच नियम आहे." मग मॅडम थांबल्या. "पण आजच्या प्रात्यक्षिकाचे परीक्षक..." त्या सावकाश वळल्या. गाईडच्या हातात तळमजला होता आणि प्रिंटरमधून गच्ची येत होती. "परीक्षक तर तुम्ही आहात, सर."

"हो, म्हणजे मी तिथेच आहे," गाईड म्हणाले.

"तुम्ही इथे आहात."

"इथे जरा आलोय."

"माझंही अगदी तसंच झालं," सासूबाई त्यांना धीर देत म्हणाल्या. "पण मी निदान कुणाला तरी सांगून उठले."

गाईड नकाशा टाकून निघाले. मॅडमनी त्यांना दारात थांबवलं. "त्या मुलीचे गाईडही तुम्हीच ना? तिच्या कागदावर तुमची काही सही राहिलीये का?"

"आहे. उद्या करणारच होतो."

"उद्या नको. तिला पाठवा, उत्तर आल्यावर तुमच्यासमोर कागद येईल. मी स्वतः घेऊन येते."

सून धावत आली. आपल्या खुर्चीत इनचार्ज, शेजारी नियंत्रक आणि पाठीमागे विणकाम करणाऱ्या सासूबाई, हे दृश्य पाहून तिला वाटलं, तिसऱ्यांदाही मेलं. कोणी काही समजावून सांगितलं नाही, कारण कोणालाच नीट समजलं नव्हतं. तिनं हो दाबलं. उत्तर साठवलं गेलं. भिंतीला तडा डावीकडे खालच्या कोपऱ्यात जाणार होता. संध्याकाळच्या आत गाईडनी त्यावर सही केली, न वाचता, पण ते आधीचंही कधी वाचत नव्हते.

दुसऱ्या दिवशी लॅबच्या भिंतीवर ताज्या शाईत नवीन नियम आला: नातेवाइकांना मशीनसमोर बसवू नये. आणि त्याच संध्याकाळी घरी इनचार्जचा फोन आला.

"काकू, उद्या वेळ आहे का? मॅडमनी सगळ्या विद्यापीठाच्या निकालाचं काम आमच्या मशीनवर लावायचं ठरवलंय. दिवसभर चालणार. कोणीतरी बसायला हवं."

"तुम्ही बसा की."

"मॅडमचा माझ्यावर विश्वास नाही. मुलांवर तर नाहीच. त्या म्हणाल्या, त्या बाईंनाच बसवा."

"पण नातेवाइकांना बसवायचं नाही ना? सुनेनं वाचून आल्यावर सांगितलं."

"तुम्ही मॅडमच्या नातेवाईक नाही," इनचार्ज म्हणाले. "ते काल सिद्ध झालं."

"सुनेला विचारून सांगते," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोनवर हात ठेवला. सून समोरच बसली होती आणि जिवाच्या आकांतानं मान हलवून नको नको म्हणत होती. सासूबाईंनी तिच्याकडे नीट बघून घेतलं आणि हात काढला.

"हो म्हणतेय," त्या म्हणाल्या. "फक्त खुर्ची हात असलेली ठेवा."