पेठ्यांच्या बाल्कनीतली शेळी

शारजात नवा मराठी माणूस उतरला की त्याला आधी उन्हाची झळ लागते आणि मग शैलेंद्र पेठ्यांचा सल्ला. उन्हापासून निदान एसीत सुटका होते! अकरा वर्षांत पेठ्यांनी इतक्या जणांना मार्गाला लावलं होतं, की आपण नसतो तर या देशाचं काय झालं असतं, अशी काळजी त्यांना अधूनमधून वाटे.

सध्याचं गिऱ्हाईक होतं सिद्धांत. तीन आठवड्यांपूर्वी पुण्याहून येऊन पेठ्यांच्याच टाइल्सच्या कंपनीत लागलेला आणि खोली मिळेपर्यंत त्यांच्याच हॉलमध्ये झोपणारा.

"लिहून घे," शुक्रवारी गाडी चालवता चालवता पेठे म्हणाले. "अरब माणूस जिंकायचा तो कौतुकानं! दिसेल त्या वस्तूला वा वा म्हणायचं. बाकी सगळं झूठ!"

गाडी निघाली होती कंपनीचे मालक, इथल्या भाषेत 'अर्बाब', अबू सईद यांच्या फार्मवर. शारजाच्या ऑफिसात एक जागा रिकामी झाली होती. अल मजाजमधल्या घरापासून चालत दहा मिनिटं! पेठे सात वर्षं रोज अंधारात उठून, ट्रॅफिकमध्ये देवाचं नाव घेत, दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कच्या गोडाऊनला जात होते. ती जागा मिळावी म्हणून त्यांचा जीव नुसता तुटत होता.

फार्मवर अबू सईद स्वतः शेळ्या दाखवायला निघाले. एका पांढऱ्या शेळीपुढे पेठे थबकले आणि त्यांनी सिद्धांतला डोळ्यानं खूण केली. बघून घे!

"माशाल्ला! अर्बाब, ऐसी बकरी पूरे यूएई में नहीं!"

"खलास! तुम्हारा हो गया!"

"नहीं नहीं, मैं तो सिर्फ..."

"मेहमान तारीफ करे और खाली हाथ जाए? ऐब है, शरम की बात है, शैलेन्दर!" मालकांचा चेहरा उतरला. पेठ्यांना शारजाची जागा लांब जाताना दिसली. त्यांनी मुकाट्यानं गाडीचं मागचं दार उघडलं.

शेळी सिद्धांतच्या शेजारी बसली. आणि निघता निघता, मराठी माणूस दारात चपला घालताना म्हणतो तसं, पेठे म्हणून गेले, "आइए ना कभी घर पे खाना खाने!" आपल्याकडे हे वाक्य येण्यासाठी नसतंच. ते निरोपाचं वाक्य आहे!

"कल आता है, इन्शाल्ला," अबू सईद म्हणाले. "सात बजे."

नवव्या मजल्यावर पेठ्यांच्या बायकोनं, शोभनाताईंनी, दार उघडलं. ज्या घरात अंडं शिरलं नव्हतं, त्या घरात शेळी शिरली!

"हे काय?"

"बक्षीस."

"बक्षीस की शिक्षा?"

"ओ माय गॉड, बाबा! कॅन वी कीप हर?" ईश्वरी आतून धावत आली.

"नो!"

शेळीनं बाल्कनीत जाऊन आधी तुळस खाल्ली आणि मग गळा मोकळा केला. दहाव्या मिनिटाला वॉचमन दारात! "बेटी का स्कूल प्रोजेक्ट है," पेठ्यांनी ठोकून दिलं आणि घाईघाईनं सहाव्या मजल्यावरच्या रत्नागिरीकर इद्रीसभाईंना फोन लावला.

"भाई, शेळी घेता का हो?" सगळं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं.

"मालकानं दिलेली, नि मालकच उद्या जेवायला? शेळी दिसली नाही तर तुमची जागा गेली समजा!" इद्रीसभाई हसत सुटले. "असं करा. शेळी त्यांच्या समोर ठेवा. ते वा म्हणाले, की तुम्ही म्हणा तुमची. नियम दोघांनाही सारखाच की!"

पेठ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याचा सल्ला घेतला.

शनिवारी शेळीला शांपूनं अंघोळ घालून गळ्यात रिबीन बांधली. अबू सईद आले. शेळीकडे बघून "अच्छा" म्हणाले आणि जेवायला बसले. पेठे "आपका!" तोंडात धरून तयारच होते.

मालकांनी अळूवडीचं कौतुक केलं. "आपका!" अख्खा डबा भरून दिला. मालकांनी समईचं कौतुक केलं. "आपका!" समई शोभनाताईंच्या आईची होती. त्यांनी नवऱ्याकडे असं पाहिलं, की पेठ्यांनी मान खाली घालून भात कालवायला घेतला. मग ईश्वरीचं चित्र गेलं. शेळीबद्दल मात्र चकार शब्द नाही!

तेवढ्यात सिद्धांतनं तुळशीपासून वॉचमनपर्यंतची सगळी हकिकत जशीच्या तशी सांगून टाकली. पेठ्यांनी त्याला टेबलाखालून दोनदा लाथ मारली, पण मालक डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग त्यांनी गोडाऊनमधल्या मालाबद्दल चार प्रश्न विचारले. त्यांचीही त्यानं तशीच सरळ उत्तरं दिली.

"माशाल्ला!" अबू सईद उद्गारले. "क्या लड़का है! एकदम सच्चा!"

"आपका हो गया!" पेठ्यांच्या तोंडून सुटलंच. "ले जाइए, अर्बाब!"

"पक्का?"

"पक्का!"

"खलास! सोमवार से ये शारजा ऑफिस में बैठेगा."

पेठ्यांना रडू फुटायचंच बाकी राहिलं. तरी लिफ्टपाशी त्यांनी धीर करून विचारलं, "और... बकरी?"

"तोहफा वापस लूँ? ऐब है!" समई काखेत मारून मालक लिफ्टमध्ये शिरले.

पेठे घरात आले. सिद्धांत लाजून लालबुंद झाला होता. तो वाकून त्यांच्या पाया पडला. "सर, सगळं तुमच्यामुळेच!"

पेठे काहीतरी बोलणार, एवढ्यात शोभनाताई कडाडल्या, "द्या आशीर्वाद! नुसता डोक्यावर हात ठेवा. तोंड उघडायचं नाही!"