पाहुणे बसले ते बसलेच

या देशातल्या यच्चयावत समाजांच्या चालीरीती मला तोंडपाठ आहेत! तीस वर्षं शिरगणतीच्या खात्यात उगाच नाही काढली. कुठे सून सासऱ्यापुढे येत नाही, कुठे जावईच सासरी राहायला जातो, मध्यरात्री उठवून विचारा!

"तुम्ही दारात उभं राहून फॉर्म भरलेत," बायको म्हणाली. "आत बोलावलं होतं का कोणी?"

मी दुर्लक्ष केलं. लेकीने दुसऱ्याच टोकाच्या प्रांतातला, वेगळ्या समाजाचा मुलगा पसंत केला होता आणि त्याचे आईवडील आज पहिल्यांदाच येणार होते.

"बाबा, काही बिघडवू नका हं!" ती काकुळतीने म्हणाली.

"निर्धास्त राहा! मी आहे ना!"

चार वाजता पाहुणे आले. माणसं अगदी गोड. मोठ्यांना मोकळं बोलता यावं म्हणून मी लेकीला आणि मुलाला फिरायला पिटाळलं. चहा झाला, तोडक्यामोडक्या भाषेत गप्पा झाल्या. साडेपाच वाजले. पाहुण्यांची सातची गाडी होती, पण ते काही हलेनात!

दिवाणामागच्या स्वयंपाकघराच्या दारातून बायको कुजबुजली, "अहो, तुम्ही तरी उठा!"

"वेडी की काय?" मीही कुजबुजलो. "पाहुण्यांच्या आधी यजमान उठला म्हणजे 'निघा आता' म्हटल्यासारखंच! सोयरीक मोडायची आहे का?"

मी दिवाणावर मांडी आणखी पक्की केली. दुसरा चहा झाला. तिसरा झाला. हवा, रस्त्यातले खड्डे, गुडघेदुखी, सगळे विषय संपले. तरी पाहुणे बसलेलेच! नक्की मुलीबद्दल शंका असणार! मी तिचं कौतुक सुरू केलं. ती गाते, पोहते, पेटी वाजवते... साडेसहापर्यंत मी तिला विमान चालवायला लावलं होतं! पाहुणीबाईंनी घड्याळाकडे बघून डोळ्यांना पदर लावला. आत बायकोने गाद्या काढायला घेतल्या.

तेवढ्यात मुलं परतली.

"अजून बसलाय? गाडी चुकेल ना!" लेक किंचाळली.

मुलगा वडिलांशी त्यांच्या भाषेत दोन शब्द बोलला आणि त्याने कपाळाला हात लावला. "काका, आमच्यात घरातला थोरला उठल्याशिवाय पाहुणा उठत नाही. उठला तर नातं तोडलं असा अर्थ होतो. बाबा तासभर तुमच्या उठण्याची वाट बघताहेत!"

मी ताडकन उठलो. माझा पाय मात्र उठला नाही! पालथा पडलो तो थेट व्याह्यांच्या पायांवर. मुलीच्या बापाने पाय धरले म्हटल्यावर ते बिचारे इतके ओशाळले, की त्यांनीही माझ्यासमोर साष्टांग लोटांगण घातलं.

विहीणबाई पोट धरधरून हसल्या. हसता हसता त्यांनी लेकीला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "ही आमची!"

"चला, जमलं एकदाचं," बायको जमिनीवर पालथ्या पडलेल्या आम्हा दोघा व्याह्यांकडे बघत म्हणाली. "पण आता यातलं आधी कोण उठणार?"

मी तसाच पडून राहिलो. यजमानाचा मान वगैरे राहू द्या, पाय अजून बधिर होता!