तीन कोटेशनं आणि एक कॅलेंडर

रेवदंड्याच्या एका मच्छीमार सोसायटीने मासळी सुकवायच्या पटांगणातल्या जागा यंदापासून ऑनलाइन वाटायचं ठरवलं. वेबसाइटचं काम प्राप्तीकडे आलं, कारण गावात ते येणारी ती एकटीच होती. तिची आत्या नीराबाई तीस वर्षं त्याच पटांगणात बोंबील सुकवत होती. जागा गेली तर बोंबील कुठे, गच्चीवर सुकवायचे? गच्ची तरी कुठे होती!

अर्जावर अर्जाची तारीख निवडायला कॅलेंडर हवं होतं. स्वतः लिहायला अर्धा दिवस लागला असता. पण फुकट तयार माल असताना हाताने काम करणं हल्ली अडाणीपणाचं समजतात. म्हणून प्राप्तीने नऊ दिवस शोधाशोध केली. अकराशे ओपन सोर्स लायब्रऱ्या निघाल्या, म्हणजे कुणीही फुकट वापरावा आणि दुरुस्त करावा असा तयार कोड. ज्या कॅलेंडरला लोकांनी पसंतीचे सर्वांत जास्त तारे दिले होते, ते तिने निवडलं. ते ज्यांच्या आधारावर चालायचं, त्या आणखी दोनशे चौदा लायब्रऱ्या त्याच्यामागून निमूटपणे आत शिरल्या.

"आत काय हाय ते बगितलास?" नीराबाईने विचारलं. "आमी गलफडं उचलल्याबिगर सुरमय घेत न्हाय."

"आत कुणी बघत नसतं, आत्या. साठ हजार तारे आहेत."

"तारं देनाऱ्यांनी तरी बगितला काय?"

प्राप्तीने कानांत हेडफोन घातले.

सेक्रेटरी काळूराम मात्र नियमाचे पक्के. "फुकट हाय ता ठीक. पन तीन कोटेशनं कुठं हायत?" तीन आली: शून्य, शून्य आणि शून्य. यात सर्वांत कमी दर कोणाचा, यावर उपसमिती दोनदा बसली आणि अखेर तारेवालंच मंजूर झालं. ते चालवून पाहणं उपसमितीच्या कक्षेत येत नव्हतं.

अर्जाची मुदत एक ते बारा ऑक्टोबर. कॅलेंडर परदेशी, ते आधी महिना आणि मग दिवस वाचायचं. नीराबाईचा पाच ऑक्टोबरचा अर्ज दहा मेचा ठरला. तिला नोटीस आली: 'जाहिरातीपूर्वीच अर्ज केल्याने आपणास गोपनीय माहिती आगाऊ मिळाल्याचे दिसून येते.' १०/१० उलटं वाचलं तरी तेच, म्हणून दहा तारखेला अर्ज करणाऱ्या दोघीच पात्र ठरल्या, काळूरामांची बायको आणि मेहुणी.

"कम्प्युटर खोटा बोलतंय व्हय?" काळूराम प्राप्तीला म्हणाले. "बोलत असंल तर सोमवारपर्यंत दुरुस्त करून दे, न्हायतर पटांगन त्या दोघींचा."

प्राप्तीने लायब्ररीचं तक्रारींचं पान उघडलं. ही चूक तीन वर्षांपूर्वीच नोंदवलेली होती. एक ओळ बदलायची होती, आणि ती जगात कोणालाही बदलता आली असती. खाली चार हजार जणांनी एकच शब्द लिहिला होता: 'मलाही.' प्राप्तीनेही 'मलाही' लिहिलं आणि लॅपटॉप मिटला.

"झाला काम?" नीराबाईने विचारलं.

"झालं. एकच ओळ बदलायची आहे. आता तक्रार करणारे आम्ही चार हजार एक जण आहोत."

"येवढी शिकल्याली मानसं, आन ती येक ओल कोन बदलनार?"

"करेल की कुणीतरी," प्राप्ती म्हणाली.