नाना मयेकरांची पाळत

नाना मयेकर कुरिअरवाल्याची सही घेतात. कुरिअरवाला त्यांची घेतो ती वेगळी. नाना त्याच्याकडून जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर दोन सह्या करून घेतात, एक दार उघडल्यावर आणि एक तो निघताना. मग चष्मा कपाळावर ढकलून दोन्ही ताडून बघतात. पाकिटात बहुतेक वेळा गुडघ्याला लावायचं तेल असतं.

नाना बँकेत होते. चेकवरची सही खातेदाराच्या सहीशी जुळते का, हे बघण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाले, पण ताडून बघणं काही सुटलं नाही. "सही जुळते, पण माणूस जुळत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते नवीन डॉक्टरला लागू होतं, नवीन भाडेकरूला होतं, आणि एकदा आमच्या आमदारांनाही झालेलं मी ऐकलं आहे. मासळीबाजारात बांगड्याचे कल्ले उघडून सगळेच बघतात. नाना त्यानंतर कोळणीचा चेहराही तितकाच निरखून बघतात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा मुंबईला असतो. रविवारी त्याचा फोन आला, की नाना विचारतात, "कोण बोलतंय?" त्याने नाव सांगितलं, की "कशावरून?"

त्यांच्या घराच्या बरोबर खाली आमच्या संस्थेचं ऑफिस आहे. संस्थेचं रत्नागिरीतलं काम मी बघते. नुकत्याच पदवीधर झालेल्या मुलामुलींना आम्ही वर्षभराची फेलोशिप देतो. त्यांनी शहरातल्या शाळांत जायचं आणि मुलांना वर्गाबाहेर काढून आपल्याच गावातले ओढे, खाडी, किनारा, सडा आणि कचरा दाखवायचा. या फेलोंविषयी मी फार भाबडी नाही. मुलाखतीत 'निसर्गाशी नातं' असं दोनदा म्हणणारा उमेदवार मे महिन्याच्या घामात पळून जातो, हा माझा अनुभव आहे. तरी माझा संशय वर्षभर टिकत नाही. नानांचा टिकतो.

त्या वर्षीची फेलो प्राची वानखेडे अमरावतीहून आली तेव्हा तिच्या पाठीवर सॅक होती आणि हातात दोरीचं भेंडोळं. नाना गॅलरीत उभे होते.

"आजोबा, जरा पाणी मिळेल का?" तिने खालून विचारलं.

"कोणाचा आजोबा?" नाना म्हणाले. पाणी दिलं, पण पेला परत मिळेपर्यंत जिन्यात उभे राहिले.

संध्याकाळी ते माझ्याकडे आले. "वहिनी, बोलणं ऐकलंत तिचं? 'मी आली' म्हणते. आपल्याकडची नव्हे ही."

"अमरावतीची आहे, नाना."

"असं ती सांगते."

मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि दोरी कशाला? शिकवायला दोरी लागते काय? ह्यात काहीतरी आहे."

त्या दिवसापासून नानांनी पाळत सुरू केली. प्राची मुलांना घेऊन खाडीवर गेली, की नाना पुलावर. ती मांडवीच्या किनाऱ्यावर गेली, की नाना भेळेच्या गाडीआड, वर्तमानपत्र उघडून. वारा इतका असायचा, की पेपर धरता धरताच त्यांची निम्मी शक्ती जायची. मुलांनी त्यांना पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. "मॅडम, नाना आले, आता निघूया," असं पोरं बिनदिक्कत म्हणायची.

गणपती गेल्यावर सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, फुलं येतात. प्राची सातवीच्या मुलांना गावाबाहेरच्या सड्यावर घेऊन गेली. मुलांनी कातळावर दोरीची चौकट टाकायची आणि तिच्यात किती प्रकारची फुलं आहेत ते मोजायचं, असा तो साधा धडा. पण आमच्याकडे सड्यावर कुणी दोरी टाकली, की लोकांना एकच गोष्ट समजते. मोजणी आली. मोजणीमागून प्रकल्प येतो, आणि प्रकल्पामागून जमीन जाते. नानांना हे मागून आलेल्या रिक्षात बसूनच समजलं. त्यांनी सड्याखालच्या वाडीत ओळखीच्या बागायतदाराला फोन केला.

प्राचीच्या फोनवरून मी पोचले तेव्हा मोटरसायकली लागल्या होत्या आणि प्राचीभोवती कडं पडलं होतं.

"कुठल्या कंपनीची गो तू?"

"कंपनी नाही, काका. फुलं मोजून राहिलो आम्ही."

"आज फुलं मोजतेस, उद्या आमची आंब्याची कलमं मोजशील!"

मी मध्ये पडले, आवाज चढवला, मुलांना गाडीत भरलं. कुणाला काही झालं नाही. पण संध्याकाळपर्यंत गोष्ट घरोघरी गेली, आणि तिसऱ्या घरात पोचेपर्यंत तिच्यात पोलीसही आले होते. मुख्याध्यापिकांनी सहली बंद केल्या. पालकांनी सभेत होकार दिला तरच पुन्हा सुरू करू, म्हणाल्या. आमच्या पुण्याच्या ऑफिसने त्याहून थोडक्यात सांगितलं: शाळा नाही म्हणाली, तर प्राचीला दुसऱ्या शहरात पाठवा.

प्राची माझ्या टेबलासमोर दोरीची गाठ सोडवत बसली होती. "मॅडम, मला नाही जायचं. ओहोटीला खडकांवर नेईन असं पोरांना कबूल केलं आहे मी."

मी वर जाऊन नानांना चांगलं सुनावलं. "तुमच्या एका फोनने त्या पोरीचं वर्ष बुडतंय."

"संशय आला, फोन केला," नाना म्हणाले. पण माझ्याकडे बघितलं नाही.

सभेला नाना आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं आणि त्या शाळेत त्यांचं कुणी शिकत नव्हतं. ते मागच्या बाकावर गुडघे वर करून बसले. ह्यांनी आता आणखी काय शोधून काढलं, म्हणून मी मागे वळून वळून बघत होते. पालकांचे प्रश्न सुरू झाले. मुलगी कोण, कुठली, हिच्या भरवशावर पोरं समुद्रावर कशी सोडायची. प्राची उत्तरं देत होती आणि तिच्या बोलण्यामुळे ती अधिकच परकी वाटत होती.

नाना उठले. "मी ह्या मुलीवर पाळत ठेवून आहे."

सगळे मागे वळले. नानांना सगळं गाव ओळखतं.

"पहिल्या दिवसापासून. किनाऱ्यावर पोरं आतल्या अंगाला असतात, ही पाण्याच्या अंगाला. भरती लागायच्या आत सगळ्यांना वर काढते. प्लास्टिक उचलताना काच असली, तर पोरांना हात लावू देत नाही, स्वतः उचलते. सड्यावर मी फोन केला. माझा फोन चुकला." एवढं बोलून ते थांबले. बहुतेक ते वाक्य त्यांनाच नवीन होतं. "खोटं एकच सापडलं. आईला फोनवर सांगते, जेवले म्हणून. जेवलेली नसते."

प्राची खाली बघायला लागली.

पुढच्या बाकावरची एक आई म्हणाली, "माझ्या लग्नाच्या वेळी नवऱ्याकडची चौकशी नानांनीच केलेली. त्याची विडी यांनी बाहेर काढली, सख्ख्या मामाला माहीत नव्हती. नानांना हिच्यात काय सापडलं नाही, म्हणजे नसणारच."

सगळे हसले. होकार मिळाला. सही करायला रांग लागली.

ओहोटीची सहल झाली. नाना त्या दिवशी भेळेच्या गाडीआड नव्हते. चपला हातात घेऊन खडकांवर सगळ्यांच्या मागे चालत होते. त्यानंतर एक नवीन त्रास मात्र सुरू झाला. रोज दुपारी ते ऑफिसच्या दारात येऊन प्राचीला म्हणायचे, "डबा उघड. दाखव." रिकामा असला, तर "वास घेऊ दे." तिने सांगितलेल्या भाजीशी वास जुळला नाही, की वरून आमटी-भात यायचा. प्राची त्यांना आजोबा म्हणायची आणि नाना 'कोणाचा आजोबा' न विचारता ओ द्यायचे.

वर्ष संपलं. प्राचीला स्टेशनवर सोडायला मी गाडी काढली, तर नाना पुढच्या सीटवर आधीच बसलेले. "ती सांगते त्याच गाडीत बसते का, बघायला नको?" डब्यात चढून त्यांनी समोरच्या बाईंना नाव, गाव, उतरायचं ठिकाण, सगळं विचारलं. प्राचीची सॅक बाकाखाली साखळीने बांधली, साखळी दोनदा ओढून बघितली. खाली उतरून मला म्हणाले, "बाई बऱ्या वाटतात." नानांच्या तोंडून याहून मोठी स्तुती मी ऐकलेली नाही. गाडी हलली, प्राची हात हलवत राहिली. नाना डब्याचा नंबर बघत असल्यासारखे उभे राहिले, शेवटचा डबा जाईपर्यंत.

परत येताना वाटेत नानांनी विचारलं.

"पोचल्यावर फोन करेल ना ती?"

"मला करेल. का, तुमच्याकडे नंबर नाही तिचा?"

"मागितला नाही."

"वर्षभरात?"

नाना समोरच्या काचेतून रस्ता बघत होते. "म्हातारा माणूस पोरीचा नंबर मागतो म्हटल्यावर तिला संशय नसता आला?"

मी गाडी कडेला घेतली आणि म्हटलं, "तुमचा फोन द्या इकडे."

त्यांनी दिला. कशाला, असं विचारलं नाही.