सासूबाई आणि सुरक्षित प्रात्यक्षिक

"ताई, पोहायला शिकायचं तर पोरगी भिजणारच," असं लिफ्टचे मिस्त्री मला पहिल्याच दिवशी म्हणाले होते. मी ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. शाळेने नववी-दहावीच्या मुलांना कारागिरांच्या हाताखाली काम शिकायला पाठवायची योजना काढली होती. माझ्या लेकीने त्यात लिफ्टदुरुस्ती निवडली, आणि मी पडले आई.

पालक समितीत मी एकच साधी सुधारणा सुचवली: शिकाऊ मुलांनी हत्याराला हात लावू नये. कुणीतरी विचारलं, मग शिकणार काय? "सुरक्षितता," मी म्हणाले. टाळ्या पडल्या. पुढच्या सभेत माझ्याहून सावध एक बाबा निघाले. पाना मिस्त्रींच्या हातूनही निसटू शकतो, हे त्यांनी लक्षात आणून दिलं. तेव्हा मुलं हजर असताना मिस्त्रींनीही हत्यारांची पेटी उघडायची नाही, असं ठरलं. मुलं हाताची घडी घालून शिकू लागली. माझी लेक पहिली आली.

गेल्या मंगळवारी सासूबाई आमच्याच इमारतीच्या लिफ्टमध्ये, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यांच्या मध्ये अडकल्या. मिस्त्री धावत आले. पाठोपाठ, संधी दवडू नये म्हणून, शिक्षिकेसह अख्खा वर्ग आला. मिस्त्रींनी पेटी जिन्यात ठेवली आणि तिच्याकडे बघत बसले.

"मुलांना जरा घरी पाठवा, बाई. दोन मिनिटांचं काम आहे."

"पाठवते की," शिक्षिका म्हणाल्या. "प्रात्यक्षिक पूर्ण झालं की लगेच."

"आणि ते कधी पूर्ण होणार?"

"लिफ्ट दुरुस्त झाली की."

आतून सासूबाईंनी विचारलं, "सूनबाई, बाहेर कुणाचं लग्न आहे का?"

"शिकाऊ मुलं आहेत, आई."

"त्यातल्या कुणाला काही येतं का?"

"सगळ्यांना सगळं येतं."

खरंच येत होतं. लेकीने बिघाड, कारण आणि उपाय न अडखळता सांगितले. "मग कर ना ते, बाळ," सासूबाई म्हणाल्या. वर्गात हशा पिकला.

मी अग्निशमन दलाला बोलावलं. जवान तत्परतेने आले, आणि सोबत त्यांचे शिकाऊ विद्यार्थीही. मग नियमाप्रमाणे जवानही जिन्यात बसले. मुलं घरी गेल्यावर मिस्त्री गुपचूप काम उरकतील, अशी शंका एका आईला आली, म्हणून मुलांच्या पाळ्या लावण्यात आल्या. शाळेने सासूबाईंची नोंद शैक्षणिक साहित्यात केली. आता त्यांना परवानगीशिवाय हलवता येईना. फटीतून बिस्किटं तेवढी जात, आणि नळीने पाणी.

काल लेक माझ्या कानाशी आली. "आई, वर जाऊन ब्रेक सोडला आणि चाक हळूहळू फिरवलं की लिफ्ट मजल्याला लागते. मी करू? आजीचा आवाज बसलाय गं."

मी तिचे दोन्ही हात घट्ट धरले. किती नाजूक बोटं आहेत तिची.

"आणि बोट चेमटलं तर?"

तिने हात सोडवून घेतले आणि हाताची घडी घातली. वर्गात पहिली आलेली मुलगी आहे, तिला समजवावं लागत नाही.

आज लेकीला सुरक्षित शिक्षणाचं पारितोषिक मिळतंय आणि मी सभागृहात पहिल्या रांगेत बसले आहे. मध्येच उठणं बरं दिसत नाही. पण सासूबाईंनी सकाळपासून मला एकही टोमणा मारलेला नाही, आणि हे त्यांच्या स्वभावात बसत नाही. तुम्ही इथवर वाचत बसलात, म्हणजे तुम्हाला सवड दिसते. जरा तिसऱ्या मजल्यावर जाऊन त्यांना हाक मारून बघता का? की तुम्हालाही आधी कुणाला तरी विचारावं लागेल?