दामाजीच्या दोन वाट्या

"मना बिडी बंद, आनि त्या वाटीला चालू? ह्यो कुठला न्याव?"

बाळकुमच्या दामाजी कोळ्याने सुमेधाला प्रयोगशाळेच्या दारातच गाठलं. तक्रार खोटी नव्हती. गाठ झाली म्हणून डॉक्टरांनी त्याला रोजच्या गोळ्या लावल्या होत्या आणि त्याच्या फुप्फुसाचा तुकडा कापला होता. त्यातल्या श्वासनळीच्या पेशी, त्याच्याच परवानगीने, सुमेधाने माजिवड्याच्या या प्रयोगशाळेत वाढवल्या होत्या. एका वाटीला स्वच्छ हवा, दुसरीला रोज बिडीचा धूर. दामाजीला घरात काडेपेटी सापडत नव्हती, आणि त्याचा तुकडा इथे मजेत झुरके मारत होता.

डोळ्यांनी दाखवलं की माणसाला पटतं, असं सुमेधाला वाटे. शिकलेल्यांना हा एक रोगच असतो. तिने त्याला आणि त्याच्या बायकोला, मंजुळाला, सूक्ष्मदर्शकातून दोन्ही वाट्या दाखवल्या. पेशींवरचे बारीक केस वाऱ्यावरच्या भातासारखे लवत होते.

"बिडीवाली आधी मेली, तर बिडी खाडीत," दामाजी म्हणाला. "दुसरी मेली, तर तुमी दोघी गप बसाचं."

सुमेधा हो म्हणाली, आणि तिथेच माशी शिंकली. ती फोन घ्यायला बाहेर गेली तेवढ्यात मंजुळाने स्वच्छ हवेच्या वाटीचं झाकण उचललं, देवीचा चिमूटभर अंगारा आत सोडला आणि हात जोडले. बिडीच्या वाटीकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही.

सोमवारी स्वच्छ वाटीवर बुरशीची हिरवी गोधडी पसरली होती. बिडीची वाटी रडतखडत का होईना, जिवंत. सुमेधा कपाळाला हात लावून बसली असतानाच नवरा-बायको आले. मंजुळा पुढे होऊन तिच्या कानाशी लागली.

"बाई, चांगल्या वाटीत मी अंगारा घातलाय. आता तिला काय नाय व्हायाचा."

आता बोला. खरं सांगावं तर दामाजी दारातच बिडी पेटवणार, आणि आपल्याच हाताने वाटी मेली हे मंजुळाच्या जिवाला जन्मभर लागणार. आयुष्यात एक आकडा इकडचा तिकडे न केलेल्या सुमेधाने त्यांच्याकडे पाठ केली आणि वाट्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या.

"ही बिडीची," ती बुरशी दाखवत म्हणाली.

दामाजीने वाकून बुरशी पाहिली. मग त्याने कमरेचा बिडीचा कट्टा काढून टेबलावर ठेवला. सुमेधाला फार बरं वाटलं. खोटं बोलून कुणाचं भलं होतं, हे तिला नवीनच होतं.

पंधरवड्याने ती मुद्दाम बाळकुमला गेली. दामाजी ओट्यावर बसला होता, गालफडं बसलेली, ओठ काळेनिळे.

"बिडी?"

"सुटली," मंजुळा अभिमानाने म्हणाली.

"आणि गोळ्या? घेतात ना वेळेवर?"

"गोळ्या कशाला आता? तुमीच दाखवलं ना, अंगाऱ्याची वाटी जगली. तोच देतंय पाण्यातून, तीन टायम. गोळ्या बंद केल्या."

दामाजीला खोकल्याची उबळ आली. खोकता खोकताच त्याने सुमेधाला हात जोडले.

"बाई," तो धापा टाकत म्हणाला, "तुमी होत्या म्हनून वाचलो."